शाळेचे पोहे

या दिवाळीत आमच्या नातीच्या शाळेनं मेणबत्त्या विकायला काढल्यात. शाळेला संगणकाची नवी खोली हवी आहे, म्हणून प्रत्येक पोराच्या हातात खोक्यांची एक पिशवी दिली आणि सांगितलं, विका आणि पैसे आणा. शहापुरातली आमची अख्खी बिल्डिंग त्याच शाळेची. त्यामुळे जिन्यावर रोज एकच गंमत चाललेली असते. वरच्या मजल्यावरची पोरगी आमच्याकडे विकायला येते, आमची तिच्याकडे जाते, आणि दोघी आपापली पिशवी घेऊन तोंड पाडून परत. काल मीच वैतागून थोडी खोकी विकत घेतली. वास कसला, तर म्हणे लव्हेंडरचा. मला तर बाई तो कपडे ठेवायच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वाटला.

त्या वासानं डोकं भणभणलं म्हणून खिडकी उघडली. बाहेर कुठं काही भाजत नव्हतं, कुणी काही कांडत नव्हतं, तरी मला एकदम पोह्यांची आठवण झाली. कांदेपोहे नव्हेत हो. कोरडे, लालसर, जाडे, उखळातून आत्ताच काढलेले आणि हाताला चटका देणारे. आम्हीही एका वर्षी शाळेसाठी विकायला निघालो होतो. पोरंसोरं नव्हे, आख्खं गाव.

धसईच्या पुढं, सिद्धगडाच्या अंगाला आमचं गाव. पुढं शेतं, मागं रान. शाळा सातवीपर्यंत. सात वर्ग दोन खोल्यांत आणि पडवीत बसायचे, त्यामुळे तिसरीतल्या पोराला सातवीची भूमिती ऐकून ऐकून पाठ व्हायची आणि सातवीतल्याला तिसरीच्या कविता विसरता यायच्या नाहीत. सातवीनंतर मुलगे धसईला चालत जायचे, नाहीतर मुरबाडला कुणा मामा-मावशीकडे राहायचे. मुलगी घरी बसायची. घरी म्हणजे काय, तर एक-दोन पावसाळे बापाच्या शेतात लावणी करायची आणि पुढच्या पावसाळ्यात सासऱ्याच्या.

मी सातवीत होते तेव्हा दिवाळी झाल्यावर गुरुजी तालुक्याहून एक बातमी घेऊन आले. गावाला आठवीचा वर्ग मिळेल म्हणाले, पण खोली गावानं दाखवायची. जूनच्या आत खोली उभी राहिली तर वर्ग आपला, नाहीतर तो दुसऱ्या गावाला जाईल. त्या दिवशी जेवताना बाबांनी माझ्याकडे न बघता निकाल देऊन टाकला.

"गावात वर्ग झाला तं शिक. नाय झाला तं नाय. पोरीला रानातून धसईला धाडायची नाय."

बाबा दुष्ट नव्हते. एकदा बोलले की बोलले, एवढंच. मी भाताचा घास तसाच हातात धरून आईकडे बघितलं, तर ती चुलीतलं लाकूड पुढं सारत होती. म्हणजे माझं शिक्षण आता त्या न बांधलेल्या खोलीवर येऊन थांबलं होतं.

चिंचेखाली बैठक बसली. कुडाच्या भिंती आपण घालू, माती आपली, वासे रानातले, पण कौलं कुठून आणायची? घरोघरी कणग्या भातानं भरलेल्या आणि रोकड कुणाकडेच नाही, अशी तेव्हाची तऱ्हा. भात विका म्हणावं तर व्यापारी हंगामात भाव पाडून बसलेला. पुरुषमंडळी बराच वेळ विड्या ओढत राहिली. मग बायकांतून आवाज आला, आणि तो आमच्या आईचा होता.

"भात इकून काय हातात येतंय? पोहे कांडू. म्हशाच्या जत्रंला नेऊ. तिथं मुंबईची लोकं येतात, घरचं पोहं म्हनलं की तुटून पडतात."

आई चारचौघांत बोलायची नाही. ती बोलली म्हणूनच बहुधा सगळे ऐकत राहिले.

काय दिवस होते ते, मार्गशीर्षातले! घरटी भात गोळा झालं. आदल्या संध्याकाळी ते गरम पाण्यात भिजत पडायचं आणि सकाळी निथळून खापरात भाजायला जायचं. ओलं भात तापलं की आधी साधी वाफ येते, मग चिखलाचा वास येतो, थेट जूनमधल्या शेताचा, आणि मग एकदम काहीतरी गोड, खरपूस असं घरभर पसरतं. दाणे तडतडायला लागले की हयगय चालत नाही. ते तसेच गरम उखळात आणि वरून मुसळ. थंड झालं की दाणा चपटा होत नाही, चुरा होतो. म्हणून भाजणारी ओरडायची, "घ्या गो, घ्या!" आणि कांडणाऱ्या दोघी समोरासमोर पाय रोवून उभ्या राहायच्या. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. दरवेळी छातीतून "हुं" निघायचा. गावात तीन-चार पडव्यांतून ते एकाच वेळी चालायचं आणि आम्हाला शाळेत पाढे म्हणताना तो ठेका लागायचा. गुरुजी म्हणायचे, अरे पाढे म्हणा, कांडू नका. पण त्यांचीही छडी टेबलावर त्याच ठेक्यात वाजायची.

दुपारच्या सुट्टीत आम्ही पाखडायला. सुपातून कोंडा उडायचा, केसांत बसायचा, घामावर चिकटायचा. पोहे तोंडात टाकायला सक्त मनाई होती. "शाळेचं हायत ते, हात लावू नको." आई तर इतकी करडी की एका पोराच्या गालफडातून तिनं पोहे बाहेर काढायला लावले होते. जत्रेत पोत्यांपाशी कोण बसणार हे ठरवताना म्हणूनच कुणाला विचार करावा लागला नाही. तिच्या हातून मीठसुद्धा फुकट सुटत नाही, असा तिचा लौकिक होता. गाडी बाबा हाकणार, गुरुजी पैशांचा डबा सांभाळणार, आई माप घालणार आणि मी हाताखाली.

जत्रा पौषातली, थंडी मरणाची. दव उतरायच्या आधी आमची बैलगाडी जत्रेच्या माळावर लागली. चहूकडे बैल, शिंगं रंगवलेले, झुली घातलेले. शेणाचा, धुराचा, नव्या घोंगड्यांच्या लोकरीचा वास. एका अंगाला गोडी शेव आणि खाजाचे ढीग. गुरुजींनी सुंदर अक्षरात पाटी लिहिली होती, ती गाडीच्या जुवाला बांधली. पहिली गिऱ्हाइकं बहुतेक मुंबईची आली. आईनं माप शिगोशीग भरलं, वरचं पायलीच्या काठावरून हातानं सपाट केलं, पैसे घेतले, डब्यात टाकले. मी मनातल्या मनात एक कौल चढवलं.

आणि तेवढ्यात तारी आली.

तारी आमच्या शेजारच्या घरातली, माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठी. मला बोटाला धरून पहिल्यांदा शाळेत तिनं नेलं. ओढ्यावर पाणी असलं की पाठुंगळीला घ्यायची. तिची पाटी नेहमी स्वच्छ, आणि माझं गणित चुकलं की गुरुजींच्या आधी तिचा धपाटा बसायचा. मागच्या वर्षी तिला डोळखांबकडं एका पाड्यावर दिली होती. आता ती कुणाच्या तरी सासवा-जावांच्या घोळक्यातून वाट काढत आली आणि गाडीपाशी उभी राहिली. डोक्यावरून पदर, हातात हिरव्या बांगड्या, गालाची हाडं वर आलेली.

"काकी, वळखलं नाय का?"

"तारे! अगो, केवढी वाळलीस तू. सासू जेवाया घालते ना?"

"घालते गो." ती हसली आणि पाटीकडे बघू लागली. वाचायची सवय मोडलेली असणार, पहिलं अक्षर तिनं चाचपत घेतलं, मग पुढचं सगळं खडखडीत. "शाळेचे पोहे. इयत्ता आठवीच्या वर्गाच्या मदतीसाठी." मग म्हणाली, "आपल्या शालंत आठवी होनार, काकी?"

"झाली तं झाली."

"मंग मला पन द्या पोहे." आणि ती पदराची गाठ सोडायला लागली. त्या गाठीत जत्रेत खायला मिळालेले पैसे असणार, दुसरं काय असणार!

आईनं माप भरलं. एक भरलं, त्यावर दुसरं भरलं. फडक्यात बांधलं, तारीच्या हातात दिलं आणि तिची मूठ मिटून मागं ढकलली.

"ठेव ते. माहेरच्या पोह्याचं पैसं घेतात का कुठं?"

झालं! जत्रेत अशी गोष्ट लपते थोडीच? तासाभरात आमच्या गावच्या लेकी एकामागून एक गाडीपाशी यायला लागल्या. आपल्या गावानं किती गावांत पोरी दिल्यात हे मला त्या दिवशी कळलं. कुणी कडेवर पोर घेऊन, कुणी पोट सांभाळत, कुणी सासूला चुकवून. कुणी फुकट मागायला आलं नव्हतं, हेही सांगते. प्रत्येकीनं गाठ सोडली आणि प्रत्येकीची मूठ आईनं मिटली. फडकी संपली तर गाडीतले टोप, डबे, पाण्याची कळशीसुद्धा गेली. गुरुजी आधी खोकले, मग घसा साफ केला, शेवटी म्हणाले, "वहिनी, निदान निम्मे तरी..."

"गुरुजी, तुमी गप ऱ्हावा."

मी तिचा पदर ओढला. "आये, वर्गाचं काय?"

"बघू," म्हणाली आणि पुढच्या पोरीला विचारलं, "काय गो, बाळंतपनाला का नाय आलीस?"

उन्हं कलायच्या आत पोती रिकामी झाली. डब्यात सकाळचे पैसे तेवढे होते. परत निघालो. बाबांनी बैलांना हाकताना एकदाच म्हटलं, "झाला वर्ग." मी घोंगडीत तोंड खुपसून रडले, रागानं रडले. आई समोरच्या वाटेकडे बघत बसली होती आणि मला तिची पाठसुद्धा बघवत नव्हती.

गावात थट्टा झाली. इकायला गेले नि वाटून आले, असं पाणवठ्यावर चार दिवस चाललं. पण नवल बघा, बायकांमधून एकीनंही आईला चुकलीस म्हटलं नाही. तिच्या एका चुलत सासूनं तोंड उघडलं तर दुसरी म्हणाली, "तुझी लेक आली असती समोर, तं तू घेतले असतेस का पैसे?" तिथंच विषय संपला. खोलीचा विषयही संपला, असंच मी धरून चालले होते. शाळेत माझं लक्ष लागेना. कशाला लागेल?

मग शिमगा आला. शिमग्याला लेकी माहेरी येतात, त्या आल्या. आणि आमच्यात एक रीत आहे, भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. वाटीभर ताक दिलं तर वाटी परत येताना तिच्यात निदान चार मिरच्या असतात. तर जत्रेत गेलेलं एकेक फडकं, एकेक टोप परत यायला लागला, तोही भरून. सासरचा पैसा यांच्या हातात कुठला असायला, पण परसात, कणगीत, माळ्यावर बाईचा हात चालतो. कुणी वाल आणले, कुणी नाचणी. चिंचेचे गोळे, सुके बोंबील, गावठी अंडी कोंड्यात घालून. एकीनं तर कळशीत मध आणला, तो रानातून कुणी काढून दिला ते तिनं सांगितलं नाही. आणि एक कोंबडी, पाय बांधलेली, ती सरळ गुरुजींच्या टेबलावर! अर्धा दिवस ती वर्गात ओरडत होती आणि गुरुजी तिच्यावरून आवाज चढवून इतिहास शिकवत होते.

तो सगळा माल आम्ही धसईच्या बाजारात मांडला. या खेपेला आईनं कुणाची मूठ मिटली नाही. माप सपाट, भाव ठरलेला, घासाघीस करणाऱ्याला सरळ, "पुढं चला." बाजार उठेपर्यंत कौलांची सोय झाली. मी परत येताना बैलगाडीच्या मागं चालत आले, नुसतं चालवेना म्हणून मधूनमधून पळत.

तारीही आली होती शिमग्याला. तिचं फडकं धुऊन, घडी घालून आणलेलं, त्यात ओंजळभर वरीचे तांदूळ. ओशाळून म्हणाली, "काकी, दुसरं काय गावलं नाय." पण नवरा बरोबर होता आणि तो गवंडी. तिनंच त्याला पुढं केलं. जावयाला सासुरवाडीत पाट द्यायचा, त्याच्या हातात थापी द्यायची नाही. पण तारीनं रीत मोडली आणि गावानं ती हसतहसत मोडू दिली. "काय पाव्हनं, मानपान काय हवा?" असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "माती चांगली मळून द्या, येवढाच मान." आठ-पंधरा दिवस दोघं राहिली. त्यानं जोतं बांधलं, पुरुषांनी वासे चढवले, कारवीचे कूड विणले. तारीनं माती तुडवली, भिंती लिंपल्या, जमीन सारवली. ओल्या सारवणाचा तो गार वास, आणि दारातून येणारं उन्हाळ्याचं ऊन. एका भिंतीवर तिनं कोळसा वाटून, पाल्याचा रस घालून फळा केला. वाळल्यावर खडू उमटतो का बघू म्हणाली आणि सरळ रेषेत लिहिलं, 'इयत्ता ८ वी'. मग हात झटकले आणि घमेलं उचलून निघून गेली.

जूनमध्ये मी त्या फळ्यासमोर बसले. माझ्यासारख्या आणखी चौघी-पाचजणी होत्या. लावणीच्या दिवसांत घरोघरच्या पोरी शेतात राहायच्या, पण आईनं मला एक दिवस घरी ठेवलं नाही. अंगात ताप असला तरी दप्तर हातात. शेतात माझ्या वाटणीच्या रोपाच्या मुठी तिनंच लावल्या. पुढं गावात वर्षाला एकेक वर्ग वाढत गेला, मी दहावी केली, मास्तरकीचं शिकले, आणि सगळी नोकरी याच तालुक्यांतल्या शाळांमधून केली.

मध्यंतरी गावाला गेले होते. ती खोली नाही आता. तिथं पक्की इमारत आहे, तिच्यातले निम्मे वर्ग रिकामे आहेत आणि पोरं गाडीनं मुरबाडला जातात. आमच्या पडवीतल्या उखळात माती भरून कुणीतरी झेंडू लावलाय. मुसळं कुठं गेली, कुणाला ठाऊक नाही. माझ्या भावजयीनं पोहे केले ते पुडक्यातले, पांढरेशुभ्र, पातळ. चांगले झाले होते, नावं कशाला ठेवू! पण घरात वास म्हणून काही नव्हता.

ही सगळी गोष्ट आज दुपारी नातीला सांगत होते. खोकी मांडीवर घेऊन ती ऐकत होती. आई खिडकीशी तिच्या खुर्चीत बसलेली. ती आता आमच्याकडेच असते, ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं. जत्रेतला भाग आला तसे नातीचे डोळे मोठे झाले.

"पणजी, तू सगळे फ्री दिलेस? पण का?"

"अगं, माहेरवाशिणी होत्या ना त्या," मी म्हटलं. लग्नाकार्यात ही गोष्ट इतक्यांदा रंगवून सांगितली आहे की पुढचं वाक्य तोंडात तयारच असतं. "आपल्याकडे रीत असते..."

"तू गप गो," आई म्हणाली. "तिनं मला इचारलाय."



"रीत कसली? सकाळी शेजारच्या गावाला दिलेली माझी सख्खी नणंद आली होती, तिच्याकडनं घेतले की मी पैसे. मोजून घेतले. ती तारी आली नि मला काय सुचेना. हिच्यापेक्षा हुशार होती गो ती. सातवीला पयला नंबर. गुरुजी दोनदा जाऊन आलं तिच्या बापाकडं, पोरीला शिकवा म्हनून. वर्गच नाय तं कुठं शिकवनार? दिली. मागनं आल्या त्या पन सगळ्या तशाच. वर्ग नव्हता म्हनून दिलेल्या पोरी त्या. तिनं वाचलंन पाटीवरचं, नि गाठ सोडाया लागली. आता तिला काय म्हनू मी? दे बाय पैसे, तुझं ऱ्हायलं तं ऱ्हायलं, माझ्या पोरीला शिकवायचाय?"

नातीनं मांडीवरची खोकी खाली ठेवली.

"आये," मी म्हटलं, "मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? तारीनं लिंपलेल्या भिंतीला टेकून बसायची होतीस तू. तुला सांगितलं असतं, तं शिकली असतीस का? रडत बसली असतीस."

खरं होतं ते. माझा स्वभाव तिला माझ्याआधी कळलेला. रडत बसले असते, आणि कदाचित तारीला ओढत आणून माझ्या जागेवर बसवायला निघाले असते.

मग ते राहिलेलं रडू आज आलं. भरदुपारी, नातीसमोर, तोंडावर पदर न घेता, चांगली मोठ्यानं रडले.